नवी ऑफर आली आहे. चांगली चाललेली नोकरी सोडायची का?

ऑफर आली की घरचे आणि मित्र पहिल्यांदा विचारतात, "किती टक्के वाढ?" एचआरचा फोन येतो, "कधीपर्यंत कळवताय?" या दोन प्रश्नांच्या कचाट्यात निर्णय घाईने होतो. खरी अडचण मात्र निराळी असते. आत्ताची नोकरी तुम्हाला आतून ठाऊक आहे: साहेबांचा मूड कधी बिघडतो, बोनस खरंच किती हातात पडतो, कोणती फाइल कुठे अडते. नव्या जागेबद्दल तुमच्याकडे असतात दोन-तीन मुलाखती, एक पत्र आणि वेबसाइटवरचे हसरे फोटो. दुरून डोंगर साजरे दिसतात ते यामुळेच. उलटंही होतं. केवळ ओळख नाही म्हणून चांगली जागा नाकारली जाते आणि दोन वर्षांनी हळहळ वाटत राहते.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा भर एका गोष्टीवर आहे. दोन्ही नोकऱ्यांची माहिती शक्य तेवढी एका पातळीवर आणायची आणि मग तोलायचं. नीट केलं तर या सगळ्याला आठ-दहा दिवस लागतात.

आधी वेळ मागा आणि लेखी पत्र मागा

"तुमची निवड झाली आहे" हा फोन म्हणजे ऑफर नव्हे. ई-मेलमधला पगाराचा आकडाही पुरेसा नाही. सही-शिक्क्याचं किंवा अधिकृत प्रणालीतून आलेलं पूर्ण पत्र हातात येईपर्यंत आत्ताच्या कंपनीत कोणाजवळही बोलू नका, जवळच्या सहकाऱ्याजवळही नाही.

पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर द्या, पण ते होकाराचं नको. मजकूर साधा ठेवा: "ऑफरबद्दल मनापासून आभार. पत्र नीट वाचून, काही शंका विचारून अमुक तारखेपर्यंत निश्चित कळवतो." तारीख स्वतः घाला. पाच ते सात कामाचे दिवस ही वाजवी मागणी आहे आणि बहुतेक ठिकाणी ती मान्य होते. "आजच सांगा, नाहीतर जागा जाईल" असा दबाव आला, तर त्याचं कारण विचारा. कारण खरं असेल तर ते ठोस सांगितलं जातं: प्रकल्पाची तारीख, दुसरा उमेदवार, मंजुरीची मुदत. नुसतंच घाईचं वातावरण असेल, तर रुजू झाल्यावरही बहुधा तसंच असेल.

पत्रात पुढच्या बाबी आहेत का, पेन्सिलने खुणा करत तपासा: पदाचं नाव आणि श्रेणी, कोणाला रिपोर्ट करायचं, कामाचं ठिकाण, पगाराचं संपूर्ण विभाजन, रुजू होण्याची तारीख, प्रोबेशनची मुदत, प्रोबेशनमध्ये आणि नंतर दोन्ही बाजूंचा नोटीस पिरियड, रजा, विमा. मुलाखतीत तोंडी कबूल झालेलं जे पत्रात नाही, ते नाही असंच धरा. घरून काम, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार, टीम बांधायची मुभा अशा गोष्टी इथेच गळतात. चांगली माणसंही बदलून जातात आणि नव्या साहेबांवर आधीच्यांचं आश्वासन बंधनकारक नसतं.

काही वाक्यांवर विशेष थांबा. "कंपनीच्या गरजेनुसार कोणत्याही ठिकाणी वा कोणत्याही पाळीत काम करावे लागेल" हे वाक्य कितीतरी पत्रांत असतं आणि पुष्कळदा ते कधीच वापरलं जात नाही. तरी विचारा: गेल्या दोन वर्षांत या पदावरच्या कोणाची बदली झाली का? "व्हेरिएबल पे कंपनीच्या विवेकाधीन राहील" याचा अर्थ हा कामगिरीवर ठरणारा बदलता पगार शून्यही असू शकतो. "जॉइनिंग बोनस बारा किंवा चोवीस महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास परत करावा लागेल" हे असेल, तर कंपनीनेच तुम्हाला काढलं तरी परत करावा लागेल का, ते विचारा. शिवाय वसुली करापूर्वीच्या रकमेची होईल की हातात आलेल्या, हेही लेखी मागा. प्रशिक्षणाचा बाँड (ठरावीक काळाआधी सोडल्यास खर्च भरून देण्याचा करार), नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाण्यावर बंदी, बाहेरच्या कामांवर बंदी ही कलमं देशादेशांच्या कायद्याप्रमाणे कमी-अधिक लागू पडतात. मोठ्या पदाची ऑफर असेल तर तासाभराची फी देऊन कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला पत्र दाखवणं स्वस्त पडतं.

ऑफर सशर्तही असते. पार्श्वभूमी पडताळणी, वैद्यकीय तपासणी, पदवीची मूळ कागदपत्रं, वर्क परमिट यांतली एखादी अट बाकी असेल, तर ती पूर्ण झाल्याचं लेखी कळेपर्यंत राजीनामा देऊ नका.

मुळात जावंसं का वाटतंय

कागद घेऊन दोन गोष्टी वेगळ्या लिहा. इथून ढकलणारी कारणं कोणती आणि तिकडे ओढणारी कोणती? ढकलणारी कारणं जास्त असतील, तर तुम्हाला नोकरी बदलायची आहे, पण हीच ऑफर हवी आहे असं नाही. फक्त ओढणारी असतील, तर इथे तुमचं बरं चाललंय आणि नव्या जागेने स्वतःला जरा कडक कसोटीवर सिद्ध करायला हवं.

मग प्रत्येक तक्रारीपुढे लिहा, ती तुमच्यामागे नव्या जागी येईल का? वाईट साहेब मागे राहतो. कालबाह्य तंत्रज्ञान मागे राहतं. पण त्या व्यवसायाचाच स्वभाव असलेली महिनाअखेरची धावपळ सोबत येते. कोणालाही "नाही" म्हणता येत नाही म्हणून साठलेलं काम तर नक्की येतं, आणि नव्या जागी आपलं नाणं वाजवून दाखवायच्या दडपणाखाली ते आणखी वाढतं. पुष्कळ बदल इथेच फसतात. तक्रार होती कामाच्या ताणाची आणि त्यावर उपाय म्हणून घेतली जास्त पगाराची, म्हणजे बहुधा जास्त ताणाची जागा.

दोन प्रश्न मनाशी प्रामाणिकपणे सोडवा. ही ऑफर आली नसती, तर येत्या सहा महिन्यांत मी आपणहून नोकरी शोधायला लागलो असतो का? आणि दुसरा, उलटा: आज मी त्या नव्या कंपनीत काम करत असतो आणि मला माझ्या आत्ताच्या नोकरीची, आत्ताच्या पगारावर ऑफर आली असती, तर मी आलो असतो का? हा दुसरा प्रश्न फार उपयोगी आहे. जे चालू आहे तेच बरं वाटण्याकडे माणसाचा कल असतो. विल्यम सॅम्युएल्सन आणि रिचर्ड झेकहाउझर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये प्रयोगांतून तो दाखवून दिला. मिळण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचं दुःख मोठं भासतं, हे त्याआधी १९७९ मध्ये डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी मांडलं होतं. प्रश्न उलटा केला की सवयीचं वजन बाजूला पडतं. "छे, तिथून इथे कशाला आलो असतो!" असं उत्तर आलं, तर आजवर तुम्हाला इथे धरून ठेवणारी गोष्ट बहुधा सवयच आहे.

"स्थिर" नोकरी खरोखर स्थिर आहे का, हेही याच वेळी तपासा. रिकाम्या झालेल्या जागा भरणं थांबलंय का? प्रवासखर्चाची बिलं पूर्वी आठवड्यात मिळायची, आता दीड महिना लागतोय का? पुरवठादारांचे पैसे थकल्याची कुजबुज आहे का? एकाच मोठ्या ग्राहकावर तुमच्या विभागाचा निम्मा धंदा उभा आहे का? वरच्या फळीतली दोन-तीन माणसं एकापाठोपाठ गेली का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांना "हो" असेल, तर थांबण्यातही जोखीम आहे आणि ती हिशेबात धरली पाहिजे.

आणखी एक. तुम्हाला हवी असलेली गोष्ट (पगार, पद, वेगळं काम) इथे कधी स्पष्ट शब्दांत मागितली आहे का? मनातल्या मनात नव्हे, समोर बसून, तारखेसह. मागितली नसेल, तर ऑफरचा उल्लेखही न करता आधी मागा. उत्तर काहीही आलं तरी ते तुमच्या कामाचंच असेल.

पैशाचा हिशेब: मोठा आकडा सोलून काढा

पॅकेजच्या आकड्यांची तुलना करू नका. दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष पदरात काय पडेल, त्याची करा. पहिल्या वर्षी जॉइनिंग बोनसमुळे चित्र फुगलेलं असतं.

उदाहरणासाठी आत्ताचं वार्षिक पॅकेज १०० धरू. त्यात निश्चित पगार ८५, व्हेरिएबल ५ (दरवर्षी जवळजवळ पूर्ण मिळतो) आणि कंपनी भरते ती निवृत्ती निधीची रक्कम व विमा मिळून १०. नवी ऑफर १३० ची आहे, म्हणजे कागदावर ३० टक्के वाढ. विभाजन असं: निश्चित पगार ९२ (निवृत्ती निधी आणि विमा यातच), व्हेरिएबल २०, जॉइनिंग बोनस ८, शेअरचे पर्याय (ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर पुढे विकत घेण्याचा हक्क) १०. आता सोलायला घ्या. जॉइनिंग बोनस एकदाच मिळणार, तो गेला. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे पर्याय निर्णयापुरते शून्य धरा. पुढे मिळाले तर आनंद. व्हेरिएबल गेल्या तीन वर्षांत सरासरी किती टक्के दिला, हे विचारल्यावर समजा ६० टक्के कळलं, तर २० चे झाले १२. बेरीज १०४. लांबचा प्रवास आणि कुटुंबाच्या विम्याचा वाढीव हप्ता यांचे ३ वजा करा. राहिले १०१. तीस टक्क्यांची वाढ एक टक्क्यावर आली.

आता तासांनी भागा. आत्ता आठवड्याला ४५ तास काम आणि ५ तास प्रवास, एकूण ५०. तिकडे ५० तास काम आणि १० तास प्रवास, एकूण ६०. शंभराला ५० ने भागल्यावर २ येतात; १०१ ला ६० ने भागल्यावर १.६८. तासाचा भाव सुमारे १६ टक्क्यांनी घसरला. प्रत्येक ऑफर अशीच निघेल असं मुळीच नाही. काही ऑफर सोलल्यावर आणखी चांगल्या दिसतात, विशेषतः जिथे निश्चित पगाराचा वाटा मोठा आहे. पण भागाकार केल्याशिवाय ते कळत नाही. करानंतर हातात येणारी रक्कमही काढून बघा, कारण वाढीव उत्पन्न वरच्या करटप्प्यात जाऊ शकतं.

यानंतर सोडण्याचा खर्च. तुम्ही जाण्याने काय बुडणार आहे, याची तारखांसह यादी करा. येऊ घातलेला वार्षिक बोनस (तो मिळायला ठरावीक दिवशी नोकरीवर असणं आणि राजीनामा दिलेला नसणं अशा दोन्ही अटी असू शकतात), अजून हक्कात न आलेले शेअर, सेवेची ठरावीक वर्षं भरल्यावरच मिळणारी रक्कम, शिल्लक रजेचे पैसे, कंपनीकडून घेतलेल्या कर्जाची उरलेली परतफेड, नोटीस अपुरी भरल्यास कापला जाणारा पगार. कित्येकदा असं दिसतं की रुजू होण्याची तारीख तीन आठवडे पुढे ढकलून घेतल्याने जेवढं वाचतं, तेवढं पगाराच्या घासाघिशीत मिळालं नसतं.

पगारवाढीचं वेळापत्रक हा लोकांच्या हमखास नजरेतून सुटणारा मुद्दा. बऱ्याच कंपन्यांत वार्षिक मूल्यांकनासाठी ठरावीक तारखेआधी रुजू झालेले लोकच धरतात. त्या तारखेनंतर आलेल्याला पुढच्या वर्षीपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे पहिली वाढ पंधरा ते अठरा महिन्यांनी. तुमची तारीख या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे विचारून घ्या. पलीकडे असेल तर "पहिल्या मूल्यांकनात प्रमाणशीर वाढ मिळेल" हे वाक्य पत्रात घालून मागा.

शेअरचे पर्याय देऊ केले असतील, तर नुसत्या संख्येवर भाळू नका. दहा हजार पर्याय म्हणजे कंपनीचा किती हिस्सा, हे एकूण शेअरसंख्या कळल्याशिवाय सांगता येत नाही. पाच गोष्टी विचारा: सर्व पर्याय आणि परिवर्तनीय रोखे (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) धरून एकूण शेअर किती, तुमचा खरेदीभाव किती, शेवटचं मूल्यांकन कोणत्या भावाने झालं, हक्क कसा साठत जातो आणि नोकरी सोडल्यावर खरेदीला किती मुदत. स्टार्टअपमध्ये चार वर्षांत हक्क पूर्ण होणं आणि पहिलं वर्ष भरेपर्यंत काहीच न मिळणं ही रूढ पद्धत आहे. अकराव्या महिन्यात बाहेर पडलात तर शून्य. सोडल्यानंतरची मुदत अनेकदा नव्वद दिवसांचीच असते. तेवढ्यात खरेदीचे पैसे आणि काही देशांत त्यावरचा करही भरावा लागतो, तोही शेअर विकता येत नसताना. शिवाय कंपनी कमी भावात विकली गेली, तर अग्रहक्काचे शेअर असलेल्या गुंतवणूकदारांना आधी पैसे मिळतात.

नवी जागा आतून पाहायची कशी

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. कंपनी तुमचे संदर्भ तपासते, तसे तुम्हीही तिचे तपासा. तीन माणसांशी बोलायचं: त्याच टीममध्ये आज असलेला एक, गेल्या वर्षभरात तिथून बाहेर पडलेला एक आणि त्या टीमशी रोज काम पडणारा दुसऱ्या विभागातला एक. बाहेर पडलेला माणूस सर्वांत मोलाचा, पण त्याची कटुता वजा करून ऐका. त्याच्या मतांपेक्षा घटना विचारा. "कसे आहेत साहेब?" याला उत्तर मिळतं "ठीक आहेत". "तुमच्याकडून चूक झाली होती तेव्हा साहेबांनी काय केलं?" याला खरं उत्तर मिळतं.

ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या व्यक्तीबरोबर, ऑफर आल्यानंतर, मुलाखतीचा ताण नसताना, अर्धा-पाऊण तास मागून घ्या. तिथे विचारायचे प्रश्न: ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली? सोडून गेले असतील तर का, आणि त्याआधीची व्यक्ती किती काळ टिकली? पहिल्या नव्वद दिवसांत काय झालं तर तुम्ही म्हणाल की निवड बरोबर ठरली? गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी टीमला किती वेळा काम करावं लागलं? तुम्ही स्वतः अजून किती काळ या पदावर असाल असं वाटतं? शेवटचा प्रश्न थोडा अवघड आहे, पण साहेबांसाठी कंपनी धरणाऱ्याने तो विचारायलाच हवा. दोन वर्षांत तीन माणसं ज्या खुर्चीवरून उठली, त्या खुर्चीत काहीतरी टोचतंय हे नक्की. पहिल्या नव्वद दिवसांच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं, तर तुम्हाला कशासाठी घेतलंय हे त्यांचंच ठरलेलं नाही. असं भेटायलाच टाळाटाळ झाली, तर तीही माहितीच आहे.

कंपनीची आर्थिक तब्येत बघायला सनदी लेखापाल असावं लागत नाही. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर वार्षिक अहवाल खुला असतो. त्यात चार जागा वाचा: प्रत्यक्ष व्यवसायातून आलेली रोख (नफा दिसतो पण रोख येत नाही, असं सलग दोन-तीन वर्षं असेल तर सावध), कर्जाची वाढ, लेखापरीक्षकांचे शेरे आणि मोठ्या ग्राहकांवरचं अवलंबित्व. गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणारी नवी कंपनी असेल तर सरळ विचारा, शिल्लक रोख किती महिने पुरेल? गणित सोपं आहे: शिल्लक रोख भागिले दरमहा होणारी तूट. २४ शिल्लक आणि दरमहा २ ची तूट, म्हणजे बारा महिने. आकडे सांगता येत नसतील तर निदान महिने सांगायला हरकत नसावी. बारा महिन्यांपेक्षा कमी असेल, तर तुम्ही प्रोबेशन संपवून जरा स्थिरावता त्याच सुमारास कंपनी पुन्हा पैसे उभे करण्याच्या धावपळीत असेल.

शक्य असेल तर एखाद्या साध्या दिवशी, काम सुटायच्या वेळी कार्यालयाकडे चक्कर मारा. सुटायची वेळ उलटून तासभर झाला तरी कोणी हललेलं नाही, हे मुलाखतीत कोणी सांगत नाही. प्रवासही एकदा खऱ्या वेळेला करून बघा. रविवारी दुपारी नकाशावर दिसतो तो वेळ खरा नसतो.

बिघडलं तर काय

सहाव्या महिन्यात, प्रोबेशनमध्येच, पंधरा दिवसांच्या नोटिशीवर नोकरी गेली असं समजा. मग काय कराल, हे कागदावर लिहा. घरचा अत्यावश्यक मासिक खर्च काढा: घर, किराणा, हप्ते, शिक्षण, औषधं, विमा. सहज मोडता येईल अशी बचत त्याने भागा. आलेला आकडा म्हणजे तुमच्या हातातले महिने. आमच्या मते घरात दोन पगार असतील तर चार ते सहा महिने आणि एकट्याच्या पगारावर घर असेल तर नऊ ते बारा महिने हाताशी असावेत. वरिष्ठ किंवा फार विशेष कामाच्या जागा भरायला जास्त काळ लागतो, म्हणून तिथे वरची मर्यादा धरा. बचत कमी असेल तर ऑफर नाकारलीच पाहिजे असं नाही. पण मग निश्चित पगार, नोटीस पिरियड आणि कंपनीची तब्येत या तिन्हींवर तडजोड करू नका.

वेळही बघा. गृहकर्जाची मंजुरी चालू असताना नोकरी बदलली तर बँक पुन्हा कागदपत्रं मागते, कधी प्रकरण थांबवते. प्रसूती रजेसाठी किंवा तत्सम लाभांसाठी अनेक ठिकाणी आधी ठरावीक काळ सेवा झालेली असावी लागते. घरात कोणाचे उपचार चालू असतील, तर नव्या गटविम्यात आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का आणि जुना विमा संपून नवा सुरू होईपर्यंत किती दिवस उघडे पडतात, हे लेखी विचारा. परदेशात राहण्याचा परवाना नोकरीला जोडलेला असेल, तर हा मुद्दा सगळ्यांच्या आधी.

परतीची वाटही मोजा. जुनी कंपनी गेलेल्यांना परत घेते का? नव्या जागी दोन वर्षं काढली तर तुमची बाजारातली किंमत वाढेल, की तुम्ही त्याच कंपनीच्या खास प्रणालीत अडकाल?

तोलायचं कसं

नोकरीच्या अशाच पेचात जोसेफ प्रीस्टली हा शास्त्रज्ञ १७७२ मध्ये सापडला होता. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये चर्चचा धर्मोपदेशक म्हणून तो काम करत होता. वर्षाला सुमारे १०० गिनी (म्हणजे १०५ पौंड) आणि राहायला घर. लॉर्ड शेलबर्न या उमरावाने त्याला ग्रंथपाल आणि सहकारी म्हणून बोलावलं, वर्षाला २५० पौंड देऊ करून. त्याने मित्राचा, बेंजामिन फ्रँकलिनचा, सल्ला विचारला. फ्रँकलिनने १९ सप्टेंबर १७७२ च्या पत्रात कळवलं की पुरेशी माहिती नसल्याने काय ठरवावं हे सांगता येणार नाही, पण कसं ठरवावं ते सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, एका बाजूला होकाराची कारणं, दुसऱ्या बाजूला नकाराची. एका बैठकीत न संपवता तीन-चार दिवस, जसं सुचेल तसं लिहीत जायचं. मग वजन अजमावून समतोल जोड्या खोडायच्या: एका कारणाला समोरचं एक, कधी समोरची दोन मिळून एक. उरेल त्याने पारडं कुठे झुकतंय ते दिसतं. आणखी एक-दोन दिवसांत नवं महत्त्वाचं काही सुचलं नाही, तर ठरवून टाकायचं.

ही रीत आजही चालते, आणि तिचं मर्म त्या तीन-चार दिवसांत आहे. ऑफर आल्या संध्याकाळी होकाराची कारणं भराभर सुचतात. नकाराची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कामाच्या मध्येच आठवतात. त्यात दोन भर घाला. पहिली, यादी करायच्या आधी दोन-तीन अटी लिहून ठेवा ज्यांच्याशिवाय जायचंच नाही (उदाहरणार्थ, शहर बदलणार नाही, निश्चित पगार आत्तापेक्षा कमी नको). एखादी मोडत असेल तर पुढचं तोलणं व्यर्थ. दुसरी, प्रत्येक कारणापुढे "पक्कं" किंवा "ऐकीव" असं लिहा. पक्क्या कारणासमोर ऐकीव कारण खोडू नका. आधी फोन करून ते पक्कं करून घ्या. गुणांचे तक्ते करून दशांशापर्यंत बेरजा मारणाऱ्यांना सावध करावंसं वाटतं. मन आधीच एका बाजूला गेलं असेल, तर वजनं नकळत तशी दिली जातात.

प्रीस्टलीने ऑफर घेतली आणि १७७३ मध्ये तो रुजू झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७७४ मध्ये, शेलबर्नच्या बोवुड या वाड्यातल्या प्रयोगशाळेत त्याने ऑक्सिजन वायू वेगळा केला. पण आपल्या कामाची गोष्ट निराळी आहे. हा संबंध संपला तरी तहहयात वर्षाला १५० पौंड मिळतील, असं आधीच ठरलं होतं. १७८० मध्ये दोघं वेगळे झाले आणि त्याला ती रक्कम मिळत राहिली. म्हणजे बिघडलं तरी लीड्सच्या पगारापेक्षा जास्त हातात राहणार होतं.

घासाघीस आणि काउंटर ऑफर

म्हणूनच मागण्या करताना फक्त पगारावर अडून राहू नका. बिघडण्याचा भार कोण उचलणार, हेही बोला. "पहिल्या वर्षात माझ्या चुकीशिवाय कंपनीने काढलं तर तीन महिन्यांचा पगार" ही मागणी मधल्या-वरच्या पदांसाठी रास्त आहे. कंपनीने काढल्यास जॉइनिंग बोनस परत घेणार नाही, हे कलम तर बरेचदा सहज मिळतं. सगळ्या मागण्या एकदम, एकाच ई-मेलमध्ये, महत्त्वाच्या क्रमाने द्या: निश्चित पगार, रुजू तारीख, नोटीस बाय-आउटचे (अपुऱ्या नोटिशीसाठी जुन्या कंपनीला भरायचे) पैसे, बाहेर पडण्याच्या अटी. रोज एक नवी मागणी काढणाऱ्याला एचआर कंटाळतं आणि भावी साहेबांच्या मनातही अढी बसते. मान्य झालेलं सगळं सुधारित पत्रात आलं पाहिजे.

राजीनाम्यानंतर आत्ताच्या कंपनीकडून काउंटर ऑफर, म्हणजे थांबवण्यासाठी वाढीव पगाराची किंवा पदाची ऑफर, येऊ शकते. ती आली तर काय करायचं, हे राजीनाम्याच्या आधीच ठरवून ठेवा. त्या खोलीत, साहेबांच्या समोर, आपुलकीच्या शब्दांत ठरवायला जाऊ नका. कसोटी एकच: तुमच्या ढकलणाऱ्या कारणांच्या यादीतलं मुख्य कारण यामुळे मिटतं का? कारण फक्त पगार होतं आणि वाढ लेखी, तातडीने लागू होणारी असेल, तर थांबण्यात काही गैर नाही. कारण साहेब, कामाचं स्वरूप किंवा खुंटलेली वाट असेल, तर पैसे घेऊन तुम्ही त्याच जागी राहता. शिवाय वरिष्ठांना आता ठाऊक असतं की तुम्ही निघाला होतात. जायची तयारी नसताना केवळ पगार वाढवून घ्यायला ऑफर पुढे करू नका. "ठीक आहे, जा" असं उत्तर आलं तर हातचंही जातं.

राजीनाम्याचा क्रम

सही केलेलं पत्र, अटी पूर्ण झाल्याचं लेखी, रुजू तारीख पक्की: हे तिन्ही झाल्यावरच पेपर टाकायचे. आधी पगाराच्या स्लिपा, मूल्यांकनाची पत्रं, करकपातीची प्रमाणपत्रं, विम्याची माहिती असे स्वतःचे कागद जमवून घ्या. राजीनाम्यानंतर कंपनीचा ई-मेल कोणत्याही दिवशी बंद होऊ शकतो. कंपनीच्या फाइली, ग्राहकांच्या याद्या, कोड यांतलं काहीही घ्यायचं नाही, स्वतः तयार केलेलंसुद्धा. साहेबांना आधी समोर सांगा, त्याच दिवशी दोन ओळींचा ई-मेल पाठवा: राजीनामा, नोटिशीप्रमाणे शेवटचा दिवस. कारणांचा पाढा नको. हँडओव्हरची नोंद लिहून द्या आणि पोच घ्या. रिलीव्हिंग लेटर आणि अंतिम हिशेबाची तारीख विचारून ठेवा. निवृत्ती निधीचं खातं मोडून पैसे काढण्यापेक्षा ते वर्ग करणं बहुतेक वेळा फायद्याचं.

ऑफर नाकारायची ठरली, तर मुदतीच्या आत फोन करून कळवा आणि मागाहून ई-मेल पाठवा. त्या व्यवसायातली माणसं पुन्हा भेटतात. आणि आत्ताच्या ठिकाणी काय बदलायला हवं, ते त्याच कागदाच्या मागे सहा महिन्यांनंतरची तारीख घालून लिहा.

रुजू झालात, तर पहिल्या पगाराची स्लिप ऑफरच्या विभाजनाशी ओळ-ओळ ताडून बघा. फरक निघाला तर त्याच आठवड्यात लेखी विचारा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रत्यक्ष काम आणि मुलाखतीत सांगितलेलं काम शेजारी-शेजारी मांडा. मोठी तफावत असेल तर साहेबांशी बोला आणि काय ठरलं ते ई-मेलने पाठवून ठेवा. प्रोबेशनमध्ये नोटीस सहसा दोन्ही बाजूंना छोटी असते. काम मुळातच वेगळं निघालं, तर कमीत कमी नुकसानीत बाहेर पडायची ती वेळ असते, आणि आधी मागे राहिलेल्या एखाद्या कंपनीला पुन्हा फोन करायचीही.